चिलटाच्या मेंदूतील गतीचा हिशेब

(पुणे शहरातील बिबवेवाडी येथे शिक्षक, अधिकारी व जिल्ह्यातील पंचायत सदस्य यांच्यासमोर झालेल्या भाषणाचा हा मजकूर.)

बिबवेवाडीला लागूनच गुलटेकडीचे मार्केट यार्ड आहे. केळी, पपई, डाळिंबे, हंगामात आंबे असा माल तेथे रोज उतरतो आणि त्याच्या मागोमाग एक न बोलावलेला पाहुणाही येतो. पिकलेल्या फळाभोवती घिरट्या घालणारे हे चिलट घरोघरी परिचयाचे आहे. फळविक्रेता ते हाताने वारतो, गृहिणी फळांवर फडके झाकते. परंतु हाताच्या फटक्यात ते सहसा सापडत नाही. हात जवळ येण्यापूर्वीच ते निसटलेले असते. जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर लांबीच्या आणि सुमारे एक मिलिग्रॅम वजनाच्या या जीवाला हाताची चाल इतक्या तत्परतेने कशी कळते, हा प्रश्न वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. परंतु याच प्रश्नाने जगातील अनेक शास्त्रज्ञांना सहा दशकांहून अधिक काळ गुंतवून ठेवले आहे. मेंदू विचार कसा करतो या मोठ्या प्रश्नाचे, निदान एका कोपऱ्यापुरते, पेशीगणिक उत्तर त्यातून मिळाले आहे.

प्रथम एक खुलासा आवश्यक आहे. आंबा, पेरू यांच्या बागांचे नुकसान करणारी फळमाशी आणि हे चिलट एक नव्हेत. फळमाशी चांगल्या फळाला छिद्र पाडून आत अंडी घालते. तिच्या बंदोबस्तासाठी दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा रक्षक सापळा अनेक बागायतदार वापरतात. चिलट मात्र आंबू लागलेल्या, जास्त पिकलेल्या फळाकडे आकृष्ट होते आणि त्यावर वाढणाऱ्या किण्वावर जगते. शास्त्रीय भाषेत त्याला ड्रोसोफिला मेलानोगॅस्टर म्हणतात. या भाषणाचा विषय असलेले चिलट ते हेच.

गती दिसते म्हणजे काय?

डोळे उघडे असले म्हणजे वस्तू दिसते आणि वस्तू हलली म्हणजे हालचालही दिसते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ती अपुरी आहे. जर्मनीतील म्युनिक येथील तज्ज्ञांनी १९८३ साली एका स्त्रीची हकीकत प्रसिद्ध केली. मेंदूतील रक्तवाहिन्यांत गुठळ्या होऊन तिच्या मेंदूच्या मागील भागाला इजा झाली होती. तिला रंग दिसत, आकार दिसत, वाचताही येई. परंतु हालचाल दिसत नसे. कपात चहा ओतताना त्याची धार तिला गोठल्यासारखी स्थिर भासे आणि कप केव्हा भरला ते कळत नसे. खोलीत फिरणारी माणसे तिला चालताना दिसत नसत. ती आता येथे तर क्षणात तेथे अशी प्रकट होत. रस्ता ओलांडणे तिला अशक्यप्राय झाले, कारण दूर दिसणारी मोटार मधले अंतर न तोडताच एकाएकी अंगावर येऊन ठेपलेली दिसे.

या हकीकतीचा अर्थ स्पष्ट आहे. गती ही डोळ्यावर आपोआप उमटणारी गोष्ट नाही. डोळ्याकडून येणाऱ्या खबरींवरून मेंदूला ती हिशेब करून काढावी लागते. हिशेब करणारी पेशी नसली तर डोळे शाबूत असूनही गतीपुरते आंधळेपण येते. पुण्याच्या वाहत्या रस्त्यावर शाळेतील मुलाला किंवा वृद्धाला सुखरूप पलीकडे नेण्यात या हिशेबाचा वाटा किती मोठा आहे, हे निराळे सांगावयास नको.

दोन चौक्या आणि एक कारकून

हा हिशेब कसा होत असावा? एका साध्या कल्पनेने ते समजून घेता येईल. श्रीज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून हडपसरमार्गे दिवे घाट चढून सासवडला जाते. समजा, हडपसर आणि सासवड येथे एकेक चौकीदार बसविला आहे. प्रत्येकाला एवढीच मुभा आहे, की पालखी समोर आली म्हणजे त्याने कचेरीत वर्दी द्यावी. पालखी कोणत्या दिशेने चालली आहे हे दोघांपैकी एकालाही सांगता येणार नाही, कारण प्रत्येकाला फक्त आपल्या दारातले दिसते. कचेरीतील कारकुनाने मात्र दिशा सांगावयाची आहे.

कारकुनाने एक युक्ती करावी. हडपसरची वर्दी येताच ती तत्काळ पुढे न देता, पालखीला हडपसरहून सासवडला पोहोचावयास जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती टेबलावर अडवून ठेवावी. सासवडची वर्दी मात्र आल्याबरोबर पुढे घ्यावी. पालखी हडपसरहून सासवडकडे जात असेल तर अडवलेली वर्दी आणि ताजी वर्दी एकाच क्षणी हातात पडतील. मग कारकुनाने घंटा वाजवावी. पालखी उलट दिशेने येत असेल तर सासवडची वर्दी आधीच येऊन गेलेली असेल आणि हडपसरची वर्दी उशिरा येऊन आणखी अडून राहील. दोन्ही कधीच एकत्र येणार नाहीत आणि घंटा वाजणार नाही. परतीच्या वाटेसाठी शेजारी दुसरा कारकून बसवावा व त्याने सासवडची वर्दी अडवावी.

दोन जागा, एक विलंब आणि एक तुलना, एवढ्याच सामग्रीवर दिशा ओळखता येते. या व्यवस्थेची एक मर्यादाही येथेच ध्यानात घ्यावी. ठरलेल्या विलंबाशी जुळणारी चाल असेल तरच घंटा जोराने वाजते. फार मंद किंवा फार वेगाने जाणारी वस्तू तिच्या कक्षेतून निसटते. चिलटाच्या मेंदूतील पेशींचेही असेच आहे.

सोंडकिड्याचा पुरावा

ही कल्पना केवळ तर्काने सुचलेली नाही. बर्नहार्ड हासेनस्टाइन हे जीवशास्त्रज्ञ आणि व्हेर्नर राइखार्ट हे भौतिकशास्त्रज्ञ या दोघा जर्मन संशोधकांनी १९५६ साली ती मांडली, आणि तिचा आधार होता एक सोंडकिडा. त्यांनी किड्याची पाठ एका दांडीला चिकटवून त्याला अधांतरी धरले आणि त्याच्या पायांत गवताच्या काड्यांचा एक हलका गोल दिला. किडा चालू लागला म्हणजे तो स्वतः जागीच राही आणि पायांखालचा गोल फिरे. काड्यांची रचना अशी होती, की थोड्या थोड्या पावलांवर वाटेला दोन फाटे फुटत आणि किड्याला डावा किंवा उजवा फाटा निवडावा लागे. भोवती काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचे नळकांडे फिरविले, की किडा पट्ट्यांच्या दिशेचा फाटा अधिक वेळा निवडी. किती वेळा डावा, किती वेळा उजवा, याची शांतपणे मोजदाद करूनच या दोघांनी हिशेबाचा नियम काढला. किड्याच्या डोळ्यातील लगतच्या किंवा एक सोडून पुढच्या अशा दोनच भिंगांवर पाठोपाठ प्रकाश पडला तरी त्याला दिशा कळते, असे त्यांना आढळले.

पुढे १९६५ साली होरेस बार्लो आणि विल्यम लेव्हिक यांनी सशाच्या दृष्टिपटलातील पेशींवर काम करून थोडा निराळा मार्ग सुचविला. त्यांच्या मते योग्य दिशेला दाद देण्यापेक्षा चुकीच्या दिशेची खबर दाबून टाकणे हे अधिक महत्त्वाचे होते. दोन्ही मते पुढील अनेक वर्षे शेजारी शेजारी नांदली. नियम माहीत होता, परंतु तो पाळणारा ‘कारकून’ मेंदूत नेमका कोठे बसलेला आहे, हे कोणालाच दाखविता येत नव्हते.

चिलटाचा डोळा आणि त्यामागील कचेऱ्या

चिलटाचा प्रत्येक डोळा सुमारे साडेसातशे नेत्रिकांचा मिळून बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिका म्हणजे एक भिंग आणि त्याखाली आठ प्रकाशग्राही पेशी. एका नेत्रिकेला जगाचा एक ठिपका दिसतो, शेजारणीला शेजारचा. दोन ठिपक्यांत सुमारे पाच अंशांचे अंतर असते. हात लांब करून तीन बोटे डोळ्यांसमोर धरली तर त्यांची रुंदी साधारण तेवढी भरते. म्हणजे आपल्या मानाने चिलटाचे चित्र फारच ठोकळ असते. परंतु प्रकाशातील बदल ते आपल्यापेक्षा कितीतरी जलद टिपते.

नेत्रिकांमागे एकापाठोपाठ एक अशा मज्जापेशींच्या कचेऱ्याच आहेत. पहिल्या कचेरीत येताच खबरीची दोन खात्यांत विभागणी होते. जमाखर्च ठेवणाऱ्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. एखाद्या ठिपक्यावर उजेड वाढला तर ती नोंद एका वहीत, आणि उजेड घटला तर ती दुसऱ्या वहीत. उजेड वाढल्याच्या वहीकडे जाणारी मुख्य पेशी एल-१ आणि घटल्याच्या वहीकडे जाणारी मुख्य पेशी एल-२ होय. म्युनिकजवळील माक्स प्लांक संस्थेत अलेक्झांडर बोर्स्ट यांच्या सहकाऱ्यांनी २०१० साली या पेशी एकेक करून बंद केल्या. एल-१ बंद होताच पुढील पेशींना उजळ कडेची हालचाल कळेनाशी झाली आणि एल-२ बंद होताच काळोख्या कडेची. दोन वह्या स्वतंत्र असल्याचा हा पुरावा होता.

ही विभागणी का? हिशेबात वाढ आणि घट एकत्र कालवली तर चिन्हांचा घोळ होतो, आणि मज्जापेशींना ‘उणे’ आकडा बाळगणे सोयीचे नसते. वाढीची तुलना वाढीशी आणि घटीची तुलना घटीशी केली की दोन्ही बाजूंचे गणित सोपे होते.

या दोन वह्यांच्या शेवटी ते दोन प्रकारचे कारकून बसलेले आहेत, ज्यांचा शोध इतकी वर्षे चालला होता. त्यांची नावे टी-४ आणि टी-५. टी-४ उजळ कडेची चाल ओळखतो, टी-५ काळोख्या कडेची. याच संस्थेतील संशोधकांनी २०१३ साली हे प्रत्यक्ष दाखवून दिले. पेशी उद्दीपित झाली की चमकणारी प्रथिने त्यांनी या पेशींत उतरविली आणि माशीसमोर पट्टे हलवीत सूक्ष्मदर्शकातून ती चमक पाहिली. दोन्ही प्रकारच्या पेशींच्या चार-चार पोटजाती आढळल्या. एक पुढून मागे जाणाऱ्या दृश्यासाठी, एक मागून पुढे येणाऱ्यासाठी, एक वर जाणाऱ्यासाठी आणि एक खाली येणाऱ्यासाठी. या पोटजाती आपले अहवाल एकावर एक रचलेल्या चार थरांत पाठवितात, प्रत्येक दिशेला एक थर. दिशांची अशी कप्पेबंद मांडणी पाहून कोणत्याही दप्तरप्रमुखाला समाधान वाटावे.

चार थरांत लांब फांद्या पसरून बसलेल्या काही मोठ्या पेशी असतात. त्या शेकडो लहान अहवालांची बेरीज करतात. वाऱ्याने चिलट उजवीकडे ढकलले गेले तर त्याच्या दृष्टीने सारे जग डावीकडे सरकते. मोठ्या पेशी ते ओळखून पंखांच्या स्नायूंपर्यंत निरोप पोहोचवितात आणि चिलट पुन्हा सरळ मार्गाला लागते. सुकाणू धरणारा नावाडी किनाऱ्याकडे पाहून जसा नावेचा रोख सावरतो, तसेच हे आहे.

मुंबईचा वाटा

एखादी पेशी बंद करून पाहणे, असे वर म्हटले. जिवंत माशीच्या मेंदूतील हजारो पेशींपैकी हव्या त्याच पेशी बंद कशा करावयाच्या? या साधनाच्या इतिहासात महाराष्ट्रातील एका संस्थेचे नाव येते.

कॅनडातील संशोधकांनी १९७३ साली चिलटाची एक विलक्षण जात नोंदविली. तापमान सुमारे २९ अंश सेल्सिअसपर्यंत चढले की या माश्या लुळ्या पडत आणि थंड जागी आणताच काही मिनिटांत पूर्ववत उडू लागत. या जातीला जपानी शब्दावरून ‘शिबिरे’ हे नाव मिळाले. बधिर किंवा लुळा असा त्याचा अर्थ. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील ओबेद सिद्दिकी यांनी अमेरिकेत सीमोर बेन्झर यांच्याबरोबर अशाच तापमानाने लुळ्या पडणाऱ्या माश्यांचा अभ्यास केला आणि त्यांच्या मज्जासंदेशांत नेमका कोठे बिघाड होतो यावरील निबंध १९७६ साली प्रसिद्ध केला. होमी भाभा यांच्या निमंत्रणावरून १९६२ साली सिद्दिकी यांनी या संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला होता. तेथे पुढे के. एस. कृष्णन यांनी लुळ्या माश्यांवरील संशोधन चालविले. केनियात गोव्याच्या वंशाच्या कुटुंबात जन्मलेल्या व्हेरोनिका रॉड्रिग्ज यांनी सिद्दिकी यांच्या मार्गदर्शनाखाली चिलटाच्या वासाच्या व चवीच्या ज्ञानावर मूलगामी काम केले. कुलाब्याच्या समुद्रकाठी केळी व मक्याच्या लगद्यावर वाढविलेल्या माश्यांनी भारताला मज्जाशास्त्राच्या नकाशावर मानाचे स्थान मिळवून दिले.

शिबिरे माशीतील दोष कोणत्या प्रथिनात आहे हे १९९१ साली कळले. डायनॅमिन नावाचे हे प्रथिन मज्जापेशीच्या टोकाशी निरोपाच्या रिकाम्या पिशव्या परत ओढून घेते. ते थांबले की पिशव्या संपतात आणि निरोप बंद पडतो. २००१ साली तोशिहिरो कितामोतो यांनी हेच सदोष जनुक फक्त निवडक पेशींत बसविण्याची पद्धत रूढ केली. तेव्हापासून खोलीचे तापमान काही अंशांनी वाढवून हव्या त्या पेशी मुक्या करता येऊ लागल्या आणि पुन्हा उतरवून बोलत्या करता येऊ लागल्या. एल-१ व एल-२ यांची तपासणी याच साधनाने झाली. गरमीत लुळी पडणारी माशी पाहून १९७३ साली कोणी ‘याचा उपयोग काय’ असे विचारले असते, तर प्रामाणिक उत्तर देणे कठीण गेले असते.

कडी आणि दार

कारकून सापडला, तरी तो दोन वर्द्या कशा जुळवितो हे कळावयाचे होते. याला दोन दिशांनी उत्तर मिळाले. पहिली दिशा नकाशाची. मेंदूचे अतिशय पातळ काप काढून, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली त्यांची छायाचित्रे घेऊन, प्रत्येक पेशीचा धागा कापागणिक जुळवीत जाण्याचे हे काम तलाठ्याच्या मोजणीपेक्षाही चिकाटीचे. २०१३ साली अमेरिकेतील जनेलिया संशोधन केंद्राने दृष्टीच्या एका लहानशा भागातील ३७९ पेशींचा नकाशा प्रसिद्ध केला. २०२४ साली अनेक देशांच्या सहकार्याने माशीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा पुरा झाला. त्यात सुमारे १,४०,००० मज्जापेशी आणि त्यांच्यामधील पाच कोटींहून अधिक संपर्कस्थाने नोंदलेली आहेत.

दुसरी दिशा विजेच्या मापनाची. २०२२ साली बोर्स्ट यांच्या संस्थेतील संशोधकांनी टी-४ या अतिसूक्ष्म पेशीतील विद्युत्दाब मोजून तिची रीत उलगडली. ती घरातील दाराच्या उदाहरणाने समजते. टी-४ या दाराला एरवी आतून कडी असते. ती एमआय-९ नावाच्या पेशीने घातलेली असते. उजळ कड जवळ येताना प्रथम एमआय-९च्या जागेवर उजेड पडतो, ती गप्प होते आणि कडी निघते. कड पुढे सरकते आणि मधल्या जागेची एमआय-१ ही पेशी दार ढकलते. कडी आधीच निघालेली असल्याने दार धाडकन उघडते. कड आणखी पुढे गेली की तिसरी पेशी, एमआय-४, दार पुन्हा बंद करते. कड उलट दिशेने आली तर बंद करणारी पेशी आधी येते, ढकलणारी नंतर आणि कडी काढणारी सर्वांत शेवटी. दार उघडतच नाही.

नुसती कडी काढून दार उघडत नाही आणि कडी असताना नुसते ढकलूनही उघडत नाही. दोन्ही कामे ठरलेल्या क्रमाने व्हावी लागतात. राइखार्ट यांनी १९५६ साली कागदावर दोन संदेशांचा ‘गुणाकार’ लिहिला होता. पाढे न शिकलेली पेशी तो गुणाकार असा करते. एका बाजूला दाद आणि दुसऱ्या बाजूला दडपण, अशी दोन्ही जुनी मते एकाच पेशीत एकत्र नांदताना सापडली.

हात का चुकतो?

आता फळावरच्या चिलटाकडे वळता येईल. अंगावर येणारी वस्तू डोळ्यांसमोर सर्व बाजूंना एकदम फुगत जाते. तिची वरची कड वर, खालची खाली, डावी डावीकडे आणि उजवी उजवीकडे सरकते. एलपीएलसी-२ नावाच्या पेशींना चार फांद्या असतात आणि प्रत्येक फांदी वर सांगितलेल्या चार थरांपैकी एकेका थरात शिरते. चारी दिशांचे अहवाल एकाच मध्यबिंदूपासून बाहेर जाणारे असतील तेव्हाच ही पेशी जोराने उद्दीपित होते. नुसते बाजूने जाणारे दृश्य तिला हलवीत नाही. २०१७ साली ही रचना प्रसिद्ध झाली. तिचा इशारा पायांना उडी मारविणाऱ्या मोठ्या मज्जातंतूपर्यंत पोहोचतो. उडी मारण्यापूर्वी चिलट पाय अशा रीतीने सावरते, की उडी हाताच्या विरुद्ध दिशेने पडावी. फटका मारणाऱ्याचा हात हवेत असतानाच हा सारा कारभार उरकलेला असतो.

याचा उपयोग काय?

सार्वजनिक पैसा कशावर खर्च व्हावा हे ठरविण्याची जबाबदारी ज्यांच्यावर असते, त्यांनी हा प्रश्न अवश्य विचारावा. त्याचे उत्तर अतिशयोक्ती न करता दिले पाहिजे. माशीचा मेंदू म्हणजे माणसाचा लहान मेंदू नव्हे. माणसाच्या गतिज्ञानाच्या पेशी निराळ्या आहेत आणि त्यांची जोडणीही निराळी आहे. म्युनिकच्या त्या स्त्रीला बरे करील असे औषध चिलटापासून निघालेले नाही. परंतु उजेडाची वाढ व घट वेगळी नोंदविणे, शेजारच्या जागांची विलंबाने तुलना करणे आणि दिशांची विभागणी करणे ही तत्त्वे सस्तन प्राण्यांच्या डोळ्यांतही आढळतात. निरोगी यंत्रणा कशी चालते हे एका ठिकाणी पेशीगणिक कळल्याशिवाय बिघडलेल्या यंत्रणेबद्दल खात्रीने बोलता येत नाही.

शिवाय चिलटाने यापूर्वी दिलेले देणे मोठे आहे. आनुवंशिकतेची जनुके गुणसूत्रांवर असतात हे त्याच्यावरून सिद्ध करणाऱ्या मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. गर्भाची घडण जनुके कशी नियंत्रित करतात याचे ज्ञान १९९५ साली, आणि शरीरातील दिवस-रात्रीच्या घड्याळाचे ज्ञान २०१७ साली याच माशीवरील कामासाठी गौरविले गेले. खर्चाच्या दृष्टीने पाहिले तर बाटलीभर लगद्यावर दहा दिवसांत नवी पिढी देणाऱ्या या प्राण्याइतका स्वस्त सहकारी प्रयोगशाळेला क्वचितच मिळेल. पुण्यात २००६ साली स्थापन झालेल्या आयसर या राष्ट्रीय विज्ञान संस्थेतही चिलटांवर संशोधन चालते.

मात्र एक गोष्ट नीट ध्यानात ठेवावी. सोंडकिड्याच्या मोजदादीपासून कडी-दाराच्या उलगड्यापर्यंत ६६ वर्षे लागली. पहिल्या दहा वर्षांनी ‘फळ दाखवा’ म्हणून हे काम बंद केले असते तर पुढचे काहीच हाती आले नसते. विहीर खणताना पाणी लागण्यापूर्वीचा प्रत्येक हात कोरडाच असतो, हे ग्रामीण भागातील मंडळींना अधिक सांगण्याची गरज नाही.

शाळेत काय करता येईल?

हा विषय महागड्या यंत्रांचा आहे असे समजून शिक्षकांनी तो दूर ठेवू नये. रुंद तोंडाच्या काचेच्या बाटलीत जास्त पिकलेल्या केळ्याचा तुकडा ठेवावा आणि तोंडावर कागदाचे नरसाळे बसवावे. दिवसभरात चिलटे आत शिरतील. नंतर तोंडाला कापसाचा बोळा लावावा. पुढील दहा-बारा दिवसांत अंडी, अळी, कोष आणि नवे चिलट ही सारी अवस्थांतरे मुलांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतील. निरीक्षण संपल्यावर बाटली शाळेपासून दूर रिकामी करावी व स्वच्छ धुवावी.

एका पारदर्शक बरणीत दोन-तीन चिलटे सोडून तिच्याभोवती काळ्या-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे कागदी नळकांडे सावकाश फिरवावे. चालणारी चिलटे पट्ट्यांच्या दिशेने वळतात काय, किती वेळा वळतात, याची मुलांनी वहीत नोंद करावी. प्रत्येक वेळी वळतीलच असे नाही, म्हणूनच नोंद महत्त्वाची. ती शंभर वेळा करावी. हासेनस्टाइन आणि राइखार्ट यांनी याहून फारसे निराळे काही केले नव्हते.

आपल्या मेंदूतही गतीचा हिशेब चालतो याची प्रचीती घेण्यास तर उपकरणही लागत नाही. पावसाळ्यात खडकवासला धरणातून पाणी सुटते तेव्हा, अथवा गावाजवळच्या एखाद्या धबधब्यासमोर, सुरक्षित अंतरावर उभे राहून पडणाऱ्या पाण्यातील एकाच जागी मिनिटभर टक लावावी आणि मग चटकन शेजारच्या खडकाकडे पाहावे. खडक वर सरकू लागल्याचा भास होतो. खाली जाणाऱ्या गतीची दखल घेणाऱ्या पेशी थकतात आणि वर जाणाऱ्या गतीच्या पेशींचे पारडे क्षणभर जड होते. खडक हललेला नसतो. हिशेब तेवढा हललेला असतो.

‘खडक तर जागीच आहे, मग तो सरकताना का दिसला?’ असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला तर त्याला गप्प बसवू नये. त्या प्रश्नाचे सगळे उत्तर शिक्षकाजवळ असलेच पाहिजे असे नाही. प्रश्न फळ्यावर लिहावा, वर्गाने तो आठवडाभर तपासावा आणि मिळालेल्या नोंदी जपून ठेवाव्यात. पंचायतींनी व अधिकाऱ्यांनी शाळेच्या प्रयोगाच्या कपाटासाठी थोडी तरतूद आणि शिक्षकांना थोडी सवड दिली, तर काड्यांचा गोल बनविणारे हात आपल्या जिल्ह्यातूनही पुढे येतील.